जुन्या ॲम्प्लिफायरची चकाकी परत आणायची आहे? आधी हे वाचा, नाहीतर अक्षरंच पुसली जातील

माळ्यावरून आजोबांचा जुना ॲम्प्लिफायर खाली काढला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून एखादा सान्सुई, सोनोडाइन स्वस्तात मिळाला, की पहिला मोह होतो तो घासूनपुसून चकचकीत करायचा. नेमकं इथेच नुकसान होतं. आतलं सर्किट दुरुस्त करता येतं, पण पुढच्या पट्टीवरची ‘व्हॉल्यूम’, ‘बास’, ‘ट्रेबल’ ही अक्षरं एकदा गेली की सहज परत येत नाहीत.

पट्टी कशाची आहे?

चुंबक लावून बघा. चिकटला तर लोखंडी पत्रा, नाही चिकटला तर बहुतेक वेळा ॲल्युमिनियम. १९७० च्या दशकातल्या चंदेरी पट्ट्या साधारणपणे ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमच्या असतात. ॲनोडायझिंग म्हणजे रंग नव्हे. सौम्य सल्फ्युरिक ॲसिडमध्ये धातू बुडवून वीजप्रवाह सोडला, की त्याच धातूपासून ऑक्साइडचा कडक थर तयार होतो. हा थर काही मायक्रॉनच जाड असतो. अक्षरं बहुधा त्याच्यावर स्क्रीन प्रिंटिंगने छापलेली असतात.

काय वापरू नये?

भांडी घासायची पावडर, तारेची घासणी, थिनर आणि कॉस्टिक सोडा लांबच ठेवा. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा घालून हरभरे शिजवले की पातेलं काळं पडतं, कारण अल्कली या धातूला खाते. पट्टीचंही तेच होतं. काच पुसायच्या लिक्विडमध्ये अमोनिया किंवा अल्कोहोल असू शकतं, त्यामुळे तेही नको.

मग करायचं काय?

१. प्लग काढा. जुन्या यंत्रातले कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ विजेने भारलेले राहतात. व्हॉल्व्हच्या रेडिओत तर शेकडो व्होल्ट असतात. माहिती नसेल तर झाकण मेकॅनिककडूनच उघडून घ्या.

२. नॉब आणि पट्टी काढण्याआधी फोटो काढा. सुटी झालेली पट्टी स्कॅनरवर ठेवून ६०० डीपीआयला स्कॅन करा. अक्षरं पुन्हा छापायची वेळ आली तर हाच नमुना उपयोगी पडतो.

३. कोमट पाण्यात भांड्याच्या सौम्य लिक्विडचे दोन थेंब टाका आणि मऊ सुती कापडाने पुसा. आधी नॉबखाली झाकल्या जाणाऱ्या जागी करून बघा. कापडावर रंग आला तर लगेच थांबा.

बऱ्याच पट्ट्या एवढ्यानेच उजळतात, कारण वर साठलेला थर बोटांच्या तेलाचा आणि धुराचा असतो.

गंज चढला असेल तर?

लोखंडी झाकणाचा गंज पॉलिश पेपरने काढून प्रायमर मारावा आणि मग रंगाचे पातळ हात द्यावेत. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं न घासता पाणी लावून घासा आणि मास्क वापरा. लवळे, पिरंगुट अशा मुळशीच्या पट्ट्यात राहत असाल तर हे काम पावसाळ्यात काढू नका. दमट हवेत स्प्रेचा रंग पांढुरका पडतो. पावडर कोटिंग जास्त टिकतं, पण त्याची भट्टी १८०–२०० अंशांची असते. रबर आणि प्लास्टिक आधी काढावं लागतं.

पट्टी नव्याने करायचीच असेल तर

जुना थर कॉस्टिकमध्ये उतरवणं, एकाच दिशेने रेघा ओढणं, पुन्हा ॲनोडायझिंग आणि शेवटी जवळपास उकळत्या पाण्यात सीलिंग, असा हा क्रम असतो. कॉस्टिक आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. म्हणून हे घरी करू नका. भोसरी, चाकण भागात ही कामं करणारे वर्कशॉप आहेत. अक्षरांसाठी धातूवर छापणारा स्क्रीन प्रिंटर शोधा आणि त्याला आपला स्कॅन द्या.

एक मात्र लक्षात ठेवा. संग्राहक नव्याने रंगवलेल्या पट्टीपेक्षा थोडी जुनाट पण मूळ पट्टी जास्त पसंत करतात. त्यामुळे चार ओरखडे राहिले तर राहू द्या, अक्षरं तेवढी जपा.