यहूदी म्हणजे कोण?



उत्तम शुक्रवारच्या उपासनेनंतर संडे स्कूलमधल्या एका मुलाने मला विचारले, “यहूदी लोक वाईट असतात का?” आपण हैदराबादेत घरी मराठी आणि बाजारात उर्दू बोलतो. ‘यहूदी’ हा शब्द दोन्ही भाषांत आहे, पण त्याच्या अर्थापाशी आपण क्वचितच थांबतो.

लेआने परमेश्वराची स्तुती करीत आपल्या चौथ्या मुलाचे नाव यहूदा ठेवले (उत्पत्ती 29:35). पुढे त्याच्या वंशाला आणि प्रदेशाला तेच नाव पडले. दानीएल आणि एज्रा या पुस्तकांतील काही अध्याय हिब्रूत नसून अरामी भाषेत आहेत. खास्दी लोक राजाकडे चुगली घेऊन जातात, तिथे (दानीएल 3:8) अरामी शब्द आहे ‘येहूदाये’. मूर्तीपुढे न वाकलेले शद्रख, मेशख आणि अबेद्नगो हे त्यांच्यातलेच.

सिरियाक ही अरामीचीच एक शाखा. केरळातून आपल्या शहरात आलेल्या सिरियन ख्रिस्ती बांधवांच्या उपासनेची ती जुनी भाषा. वधस्तंभावरील लेख सिरियाक शुभवर्तमानात ‘मल्का द-यिहूदाये’, म्हणजे यहूद्यांचा राजा, असा येतो. अरबीतून मराठीत आलेला आपला ‘मालक’ हा शब्द त्याच ‘मल्का’च्या कुळातला आहे.

आपल्या कोकणातही यहूदी शतकानुशतके राहिले. ते मराठी बोलत, तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत. म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. ते स्वतःला बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची लेकरे, म्हणवत. मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 साली हिब्रूचे व्याकरण मराठीत प्रसिद्ध केले. शेजाऱ्यांनी त्यांना ओळखले ते शब्बाथ पाळणारे म्हणून.

मी त्या मुलाला म्हटले, “बाळा, मरीया यहूदी, पेत्र यहूदी, पौल यहूदी. विहिरीवरच्या शोमरोनी बाईने येशूलाही यहूदीच म्हटले (योहान 4:9). त्याला वधस्तंभावर खिळणारे शिपाई तर रोमी होते. आणि तो मेला तो आपल्या सगळ्यांच्या पापांसाठी.”

ज्या नावाच्या मुळाशी स्तुती आहे, ते आपल्या ओठांवर शिवी होऊ नये. पुढच्या वेळी दुःखसहनाचा शास्त्रभाग वाचताना बोट दुसऱ्याकडे न दाखवता आधी स्वतःच्या अंतःकरणाकडे पाहू या.

प्रभू आपणांस नम्र मन देवो. आमेन.