दोन जिवांची आणि साथीचा ताप

आमच्या घरी एक जुनी गोष्ट सांगत. माझ्या आजीने ती आपल्या आईकडून ऐकलेली. साल १९१८, दिवस नवरात्राचे. गावात मानमोडीची साथ शिरलेली. पणजीची थोरली जाऊ सातव्या महिन्यात होती. तापाने पडली, तिसऱ्या दिवशी धाप लागली आणि दसरा उजाडायच्या आत ती गेली. घरात तिच्याहून म्हातारी, खंगलेली माणसे होती, ती वाचली. मग अशी धडधाकट बाई कशी गेली? यावर पणजीचे उत्तर ठरलेले असे : “दोन जिवांची होती ना ती!”

मी इतिहासाचा अध्यापक, डॉक्टर नव्हे. पण पणजीच्या या उत्तरात तथ्य किती, हे शोधू लागलो आणि शंभर वर्षांची एक हकीकतच हाती लागली. ती आज थोडक्यात सांगायची आहे.

मानमोडी म्हणजे इन्फ्लुएंझा. १९१८ च्या जून महिन्यात तो मुंबईच्या गोदीत उतरला. गोदीवरचे पोलीस शिपाई आधी आजारी पडले. ही पहिली लाट तशी सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली, ती मात्र काळ होऊनच आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्यातच त्या वर्षी पाऊस रुसलेला, धान्य महागलेले. सबंध हिंदुस्थानात किती माणसे दगावली, याचे अभ्यासकांचे अंदाज एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत जातात. १९२१ च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली, त्याचे मोठे कारण हेच.

या साथीत दोन गोष्टी विचित्र होत्या. एक म्हणजे तिने म्हाताऱ्याकोताऱ्यांपेक्षा विशी ते चाळिशीतली माणसे अधिक नेली. दुसरी म्हणजे आपल्या देशात पुरुषांपेक्षा बायका जास्त मेल्या. बायका जास्त का मेल्या? बाई घरात शेवटी जेवते आणि आजाऱ्याच्या उशाशी आधी बसते, हे कारण खरेच आहे. पण त्यांत गरोदर किती होत्या? खेड्यापाड्यांत मृत्यूची वर्दी द्यायची ती गावकामगारांनी. बहुतेक मृत्यू ‘ताप’ या एकाच सदराखाली गेले. मेलेली बाई गरोदर होती की नाही, हे लिहायला त्या नोंदवहीत रकानाच नव्हता. पणजीला जे घरात दिसले, ते सरकारी दप्तराला दिसले नाही.

ज्यांनी वेगळी मोजदाद केली, त्यांना मात्र ते दिसले. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेतील डॉ. हॅरिस यांनी निरनिराळ्या डॉक्टरांकडून माहिती मागवून इन्फ्लुएंझा झालेल्या १,३५० गरोदर स्त्रियांचा तपशील १९१९ साली प्रसिद्ध केला. त्यांतल्या सुमारे निम्म्या स्त्रियांना न्यूमोनिया झाला, आणि न्यूमोनिया झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक दगावल्या. एकूण मृत्यूंचे प्रमाण शेकडा २७. ज्या वाचल्या, त्यांतही कितीकींचा गर्भ टिकला नाही. आकडे वाचताना आमच्या त्या थोरल्या काकूंची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

इन्फ्लुएंझाचा विषाणू माणसापासून वेगळा काढून ओळखला गेला तो १९३३ साली, लंडनमध्ये. १९५७ मध्ये ‘आशियाई फ्लू’ची जगभर साथ आली. आपल्याकडे तो मे महिन्यात मद्रास बंदरातून शिरला. ही साथ १९१८ च्या मानाने पुष्कळच सौम्य होती. तरीही अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मूल होण्याच्या वयाच्या ज्या स्त्रिया या तापाने गेल्या, त्यांतल्या निम्म्या गरोदर निघाल्या. म्हणजे पणजीचे निरीक्षण बरोबर. प्रश्न उरला तो ‘का’ एवढाच.

‘का’चे उत्तर एका थोर शास्त्रज्ञाच्या कोड्यातून आले, आणि गंमत अशी की त्या कोड्याचा फ्लूशी काही संबंध नव्हता. पीटर मेडावर हे इंग्रज शास्त्रज्ञ एकाची कातडी दुसऱ्याला लावली तर शरीर ती का झिडकारते, याचा अभ्यास करीत. त्यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५३ साली त्यांनी प्रश्न केला : पोटातले मूल अर्धे बापाचे, म्हणजे आईच्या शरीराला अर्धे परकेच. मग आईचे शरीर त्याला नऊ महिने सांभाळते कसे? त्यांनी तीन शक्यता मांडल्या. आईचे आणि बाळाचे रक्त वेगळे राहत असेल. किंवा बाळाच्या पेशींवर परकेपणाची खूण अजून उमटली नसेल. किंवा आईची प्रतिकारशक्तीच त्या काळात थंडावत असेल.

यांतली तिसरी शक्यता लोकांच्या मनात घट्ट बसली. गरोदर बाईची प्रतिकारशक्ती झोपलेली असते, म्हणून तिला साथ धरते! किती सोपे उत्तर! पण मंडळी, सोपे उत्तर पुष्कळदा अर्धेच असते.

शक्ती खरोखरच झोपत असती, तर गरोदर बायांना धनुर्वाताची लस टोचण्यात काय अर्थ होता? ती लस आपल्याकडे वर्षानुवर्षे टोचली जाते. आईच्या रक्तात प्रतिपिंडे चांगली तयार होतात, वारेतून बाळाला मिळतात आणि बाळंतपणात होणाऱ्या धनुर्वातापासून दोघांनाही वाचवतात. हा रोग देशातून सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हटला, असे २०१५ साली जाहीर झाले. झोपलेल्या पहारेकऱ्याकडून हे काम झाले असते काय?

पुढच्या संशोधनात आणखी नवल दिसले. गर्भाशयात मूल रुजते तेव्हा तिथे प्रतिकार करणाऱ्या पेशींची चक्क गर्दी होते. पण त्या बाळावर तुटून पडत नाहीत. उलट आईच्या रक्तवाहिन्या रुंद करून बाळाची रसद वाढवायला मदत करतात. वारेच्या पेशीही त्यांना ‘शांत राहा’ अशी खूण करतात. तात्पर्य, आईची शक्ती झोपत नाही, ती आपली वागण्याची रीत बदलते. कुठे हात आखडता घेते, कुठे सैल सोडते, आणि हा तोल महिन्यामहिन्याला सरकत राहतो.

विषाणू फुप्फुसात शिरला की हा तोल अडचणीचा ठरतो. विषाणूला पहिल्या झटक्यात रोखणारी काही शस्त्रे बोथट होतात. उलट, २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गरोदर स्त्रियांच्या काही मारक पेशी फ्लूच्या विषाणूला इतरांपेक्षा अधिक जोराने उत्तर देताना आढळल्या. हा जोर फुप्फुसात वाढला तर सूज येते, आणि चोराला मारताना घराचीच मोडतोड व्हावी तसे होते. त्यात शरीराची रचनाही आड येते. वाढत्या गर्भाने श्वासपटल सुमारे चार सेंटिमीटर वर सरकते, श्वास सोडल्यावर फुप्फुसात शिल्लक राहणारी हवा कमी होते, आणि प्राणवायूची गरज मात्र सुमारे शेकडा वीस वाढलेली असते. म्हणजे मिळकत तीच, खर्च वाढलेला आणि गाठीची पुंजी आटलेली. अशा वेळी न्यूमोनिया आला तर बाई झपाट्याने खालावते. सातव्या महिन्यातली जाऊ तिसऱ्या दिवशी का धापा टाकू लागली, ते आता ध्यानात येईल.

हे सारे ठाऊक असूनही आपण शिकलो किती? २००९ च्या स्वाइन फ्लूत भारतातला पहिला मृत्यू आपल्या पुण्यात झाला. त्याच साथीत अमेरिकेत लोकसंख्येच्या शेकडा एकच असलेल्या गरोदर स्त्रिया मृतांमध्ये मात्र शेकडा पाचच्या आसपास भरल्या. पुढे २०१५ साली महाराष्ट्र सरकारने गरोदर स्त्रियांना या तापाची लस मोफत द्यायला सुरुवात केली, ही समाधानाची गोष्ट. पण २०२१ साली काय झाले पाहा. करोनाची लस १६ जानेवारीला सुरू झाली. गरोदर स्त्रियांना ती घेण्याची परवानगी मिळाली २ जुलैला. मधल्या एप्रिल-मेमध्ये दुसरी लाट येऊन गेली होती. कारण काय? तर लशीच्या मूळ चाचण्यांत गरोदर स्त्रियांना घेतलेच नव्हते, म्हणून पुरावा नव्हता. त्यांना जपायचे म्हणून चाचणीबाहेर ठेवले, आणि चाचणीबाहेर ठेवल्यामुळे त्या लशीबाहेर राहिल्या. १९१८ च्या नोंदवहीत रकाना नव्हता. एकशेतीन वर्षांनीही तो रिकामाच होता.

आणि रकाना भरला तर काय लाभ होतो, हे शेजारच्या बांगलादेशाने दाखवले आहे. ढाक्यात ३४० मातांवर झालेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. गरोदरपणी फ्लूची लस घेतलेल्या आयांच्या बाळांत पहिल्या सहा महिन्यांत खात्रीने निदान झालेला फ्लू शेकडा ६३ ने कमी आढळला. सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही. त्याचे संरक्षण आईनेच आपल्या रक्तातून द्यायचे. दोन जीव खरेच. पण लस एकच पुरते.

तेव्हा घरात कुणी लेक किंवा सून गरोदर असेल, तर लशीबद्दल डॉक्टरांना आपण होऊन विचारा. साथीच्या दिवसांत तिला ताप-खोकला आला तर ‘सर्दीच तर आहे’ म्हणून बसू नका. आणि दम लागला, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. पणजीला कारण कळले होते, उपाय हाती नव्हता. आपल्या हाती तो आहे.