मुंबईची डोळ्यांची साथ आणि डॉ. नोशीर वाडिया

आपल्या भाषेंत डोळ्यांच्या एका नेहमींच्या दुखण्यास ‘डोळे येणें’ म्हणतात, आणि हें दुखणें कोणास फारसें भारी वाटत नाहीं. पावसाळा आला कीं जालना जिल्ह्यांतील अंतरवाली सराटीसारख्या गांवापासून मुंबईच्या चाळींपर्यंत तें घरोघर फिरतें. डोळे लाल होतात, चिकटतात, त्यांतून पाणी गळतें. आणि आठ-दहा दिवसांनीं माणूस पुन्हां आपल्या उद्योगास लागतो. २०२३ च्या पावसाळ्यांत महाराष्ट्रभर पसरलेली साथ अनेकांच्या स्मरणांत असेलच. अशा क्षुल्लक गणलेल्या विकाराचा पाय लुळे पडण्याशीं कांहीं संबंध असूं शकेल, अशी शंका सहसा कोणास येणार नाहीं. ही शंका ज्यांना आली आणि ज्यांनीं ती शेवटास नेली, त्यांत मुंबईचे मज्जातंतुरोगविशारद डॉ. नोशीर वाडिया यांचें नांव प्रामुख्यानें घेतलें पाहिजे.

वाडिया यांचा जन्म १९२५ सालीं सुरतेस झाला. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांचें शिक्षण झालें. पुढें विलायतेंत रसेल ब्रेन या विख्यात मज्जातंतुवैद्याच्या हाताखालीं त्यांनीं काम केलें. ‘ब्रेन’ म्हणजे मेंदू. गुरूचें आडनांवच शिष्याच्या आयुष्याचा विषय ठरावें, हा योगायोग मौजेचा खरा. स्वदेशीं परतल्यावर त्यांनीं जे. जे. रुग्णालयांत या शाखेचा पाया घातला. १८४५ पासून चालत आलेलें हें रुग्णालय म्हणजे मुंबईच्या गोरगरिबांचा आधार. तेथें येणारा रोगी बहुधा उशिरां येतो, दुखणें हातापायांत मुरल्यावर येतो, आणि खर्चाच्या तपासण्या करण्याचें सामर्थ्य त्याच्यापाशीं नसतें. वैद्याच्या हातीं उरतात तीं दोन साधनें : डोळे उघडे ठेवून पाहणें आणि धीरानें विचारणें.

या दोन साधनांची कसोटी लागण्याचा प्रसंग १९७१ सालीं आला. त्याच्या दोन वर्षें आधीं, १९६९ मध्यें, आफ्रिकेंतील घाना देशांत डोळे येण्याची एक नवी साथ उद्भवली होती. अमेरिकेचें यान चंद्रावर उतरलें तो हाच सुमार. म्हणून लोकांनीं तिला ‘अपोलो ११’ चा रोग असें नांव दिलें. आग्नेय आशियांतून ती हिंदुस्थानांत उतरली. बंगालमध्यें तेव्हां पूर्व पाकिस्तानांतील निर्वासितांचे लोंढे येत होते. तेथें तिला ‘जय बांगला’ म्हणूं लागले. साथींना नांवें देण्याची लोकांची ही रीत इतिहासकारास उपयोगीं पडते, कारण अशा नांवांतच पुष्कळदां सालाची नोंद सांपडते. या साथींत डोळ्यांच्या पांढऱ्या भागांत रक्त उतरे. दोष उघड झाल्यावर तो झपाट्यानें पसरे आणि तितक्याच झपाट्यानें ओसरे. साथ मुंबईसहि आली, शहरभर फिरली आणि निघून गेली.

ती गेल्यानंतर रुग्णालयांत एक निराळाच रोगी दिसूं लागला. वयानें तो प्रौढ, बहुधा पुरुष. आधीं कंबरेंत व पायांत असह्य कळा येत. मग एक किंवा दोन्ही पाय दुबळे पडत, तेहि सारखे नव्हेत, एक अधिक तर एक कमी. मांड्यांचे स्नायु सैल पडून पुढें सुकत. गुडघ्याखालीं हातोडी मारली असतां पाय उडत नसे. मात्र स्पर्श पूर्वींप्रमाणेंच कळे. वरवर पाहतां हा पोलिओच. परंतु आपल्याकडे पोलिओ हा बालकांचा रोग. बाळपणींच त्याचा संसर्ग होऊन गेलेल्या प्रौढांस तो एकामागून एक कां व्हावा? या प्रश्नाचें उत्तर रोग्याच्या पायांत नव्हतें, तर त्याला विचारलेल्या एका साध्या प्रश्नांत होतें : मागल्या कांहीं आठवड्यांत तुमचे डोळे आले होते काय? एकामागून एक रोगी ‘होय’ म्हणूं लागले. बरें होऊन विसरलें गेलेलें तें दुखणें आणि हा पक्षाघात यांमध्यें बहुधा दोन आठवड्यांच्या सुमाराचें अंतर असे.

१९७२ मध्यें ‘लॅन्सेट’ या विलायती नियतकालिकांतून ही वार्ता जगापुढें गेली. मुंबईचेच डॉ. एडी भरूचा यांनाहि हा संबंध दिसला होता, हें येथें नमूद केलें पाहिजे. श्रेय एकट्याचें नव्हे. वाडिया व त्यांचे सहकारी इराणी आणि कातरक यांनीं १९७३ सालीं त्या विकाराचें विस्तृत वर्णन केलें. इकडे जपानांत कोनो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या साथीचा विषाणु वेगळा काढला होता. त्याला पुढें ‘एंटेरोव्हायरस ७०’ हें नांव मिळालें, आणि तो पोलिओच्याच कुळांतला निघाला. माकडांच्या मज्जासंस्थेंत तो घातला असतां त्यांस पक्षाघात होतो, हेंहि सिद्ध झालें. स्नायूंना हालचालीची आज्ञा देणाऱ्या मज्जारज्जूंतील पेशी हा विषाणु नष्ट करतो. आज्ञा थांबली कीं स्नायु वाळतो. १९८१ सालीं मुंबईंत पुन्हां साथ आली तेव्हां वाडियांनीं तोच विकार नव्यानें अभ्यासिला. डोळे आलेल्या असंख्य लोकांत असा पक्षाघात फारच थोड्यांना झाला, हेंहि सांगितलें पाहिजे. २०२३ च्या साथीमागें तर मुख्यतः निराळाच विषाणु होता. तेव्हां वाचकांनीं भिण्याचें कारण नाहीं.

विशेष असें कीं याच १९७१ सालीं वाडियांचा दुसरा मोठा शोध प्रसिद्ध झाला, आणि तोहि डोळ्यांचाच. तोल जाणें, पाऊल अडखळणें, बोलणें जड होणें, असा लघुमेंदूचा एक आनुवंशिक रोग कांहीं घराण्यांत पिढ्यानपिढ्या चालतो. आपण वाचतांना आपली नजर एका शब्दावरून दुसऱ्यावर उडी मारते. ही उडी निमिषार्धांत होते म्हणून आपल्याला जाणवतहि नाहीं. वाडिया आणि स्वामी यांना आढळलें कीं कांहीं घराण्यांतील रोग्यांची नजर उडी मारीत नाहीं; ती एखाद्या थकलेल्या माणसाप्रमाणें हळूहळू सरकते. अशीं नऊ कुटुंबें त्यांनीं ‘ब्रेन’ या नियतकालिकांत वर्णिलीं आणि हा स्वतंत्र रोग आहे असें प्रतिपादिलें. १९९६ सालीं परदेशांतील प्रयोगशाळांनीं बाराव्या गुणसूत्रावरील दोष शोधून काढला. तेथें तीन अक्षरांचा एक तुकडा निरोगी माणसांत साधारणतः २२ वेळां येतो. तो ३३ किंवा अधिक वेळां आला कीं रोग संभवतो, आणि संख्या जितकी मोठी तितका रोग लवकर. १९९८ सालीं वाडियांनीं सहा भारतीय घराण्यांचा या नव्या दृष्टीनें विचार केला. मंद नजरेची ती जुनी खूण तेथेंहि महत्त्वाचीच ठरली.

या इतिहासाचें तात्पर्य काय? आपल्याकडे साधनें नाहींत म्हणून शोध लागत नाहींत, असें म्हणण्याची सुशिक्षितांत रूढी आहे. विषाणु जपानांत सांपडला, गुणसूत्रावरील दोषहि परदेशींच. तेव्हां साधनांची उणीव खोटी नव्हे. परंतु काय शोधावें हें साधन सांगत नाहीं. तें सांगणारा मनुष्य रोग्याच्या खाटेपाशीं बसलेला असावा लागतो.

दुसरा प्रश्न अधिक बिकट आहे. त्या आनुवंशिक रोगावर खात्रीचा उपाय अद्यापि नाहीं. मग नुसत्या निदानानें काय साधलें? ज्या घरांत बापाचा रोग मुलास होतो, तेथें करणी, शाप, पूर्वजन्मींचें पाप यांची कुजबुज चालते, आणि दोष पुष्कळदां घरांत आलेल्या सुनेच्या माथीं मारला जातो. रोगास नांव मिळालें म्हणजे हा दोष कोणाच्याहि आचरणाचा नव्हे हें ठरतें. उलटपक्षीं, प्रत्येक अपत्यास निम्मा धोका आहे हें सत्यहि त्याच नांवाबरोबर येतें. तरुण मुलानें तें जाणून घ्यावें कीं नाहीं, हा निर्णय त्याचा एकट्याचा. ज्ञानानें दुःख सर्वस्वी हटत नाहीं. तथापि खोट्या आरोपाचें ओझें तरी उतरतें, आणि आमच्या मतें हा लाभ थोडा नव्हे.

वाडियांना २०१२ सालीं पद्मभूषण मिळालें आणि २०१६ सालीं मुंबईस ते वारले. त्यांचें नांव ग्रंथांत राहील. त्या नऊ कुटुंबांचीं नांवें मात्र कोठेंहि छापलीं गेलीं नाहींत, आणि तेंच योग्य झालें. पण आपल्या दुखण्याची हकीकत त्यांनीं परक्या माणसाला मोकळेपणानें सांगितली नसती, तर हा इतिहास लिहिण्याचा प्रसंगच आला नसता.