एसटी प्रवासी सुरक्षा

एसटी प्रवासी सुरक्षा या संज्ञेत महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या (एसटी) बसगाड्या, बसस्थानके व आगारे येथे प्रवाशांचे अपघातांपासून आणि गुन्ह्यांपासून संरक्षण करणाऱ्या उपाययोजनांचा समावेश होतो. एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. त्यानंतर अनेक दशके सुरक्षेचा विचार मुख्यतः चालक, ब्रेक आणि रस्ता एवढ्यापुरताच होता. स्थानकाच्या आवारातील सुरक्षेकडे त्या मानाने उशिरा लक्ष गेले. नाशिक जिल्ह्यातील सुरगाण्यासारख्या डोंगराळ तालुक्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, ती म्हणजे बस मुळात वेळेवर येण्याची.

वाहन आणि चालक

एसटीच्या चालकाकडे अवजड प्रवासी वाहनाचा परवाना व बिल्ला असणे आवश्यक असते. महामंडळातर्फे दरवर्षी जानेवारीत सुरक्षितता मोहीम राबवली जाते. गाड्यांच्या बांधणीतही बदल झाले आहेत. पूर्वी दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील कार्यशाळांत अ‍ॅल्युमिनियमचे सांगाडे बांधले जात. अपघातात ते सहज चेपत असल्याने पुढे पोलादी सांगाड्यांचा स्वीकार करण्यात आला.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक सेवा वाहनांत स्थानदर्शक यंत्र आणि आपत्कालीन कळ बंधनकारक आहे. कळ दाबल्यास नियंत्रण कक्षाला इशारा व गाडीचे ठिकाण कळते. मात्र ही यंत्रणा मोबाइल जाळ्यावर अवलंबून असल्याने घाटात किंवा खोऱ्यात रेंज नसेल, तर संदेश रेंज मिळेपर्यंत अडकून राहतो.

नाशिक विभागातील अपघात

२८ जानेवारी २०२० रोजी देवळा तालुक्यातील मेशी फाट्याजवळ कळवणकडे जाणारी एसटी बस आणि रिक्षा यांची धडक होऊन दोन्ही वाहने रस्त्याकडेच्या विहिरीत कोसळली. त्यात २५ हून अधिक जणांचा मृत्यू झाला. या घटनेमुळे चालकाच्या कौशल्याइतकाच रस्त्यालगतच्या असुरक्षित विहिरींचा आणि कठड्यांचा प्रश्न पुढे आला. १२ जुलै २०२३ रोजी सप्तशृंगी गडाच्या घाटात खामगाव आगाराची बस दरीत कोसळून एका महिलेचा मृत्यू झाला व अनेक प्रवासी जखमी झाले.

सुरगाण्याला लागून असलेल्या गुजरातमधील सापुतारा घाटात २ फेब्रुवारी २०२५ रोजी यात्रेकरूंची खासगी बस दरीत कोसळली आणि किमान पाच जण मृत्युमुखी पडले. ती बस एसटीची नव्हती, पण घाटरस्ते एसटीचे आणि खासगी वाहतुकीचे वेगळे नसतात.

सुरगाणा तालुका

सुरगाणा हा नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकाचा, गुजरातच्या सीमेवरील आदिवासीबहुल तालुका आहे. तालुक्यात रेल्वे नाही. त्यामुळे बोरगाव, उंबरठाण, बाऱ्हे अशा गावांतील लोकांना बाजार, दवाखाना व महाविद्यालय यांसाठी रस्त्यानेच प्रवास करावा लागतो. पावसाळ्यात अतिवृष्टी, दरडी आणि फरशीपुलांवरून वाहणारे पाणी यांमुळे वाहतूक खंडित होते. फरशीपुलावर पाणी असताना गाडी थांबवावी की पुढे न्यावी, हा निर्णय बहुधा चालक आणि वाहक यांनाच जागेवर घ्यावा लागतो.

दूरच्या गावी मुक्कामी जाणारी आणि पहाटे प्रवासी घेऊन परतणारी गाडी ही या भागातील जुनी सोय आहे. अशी फेरी रद्द झाली की प्रवासी जीपकडे वळतात. टपावर आणि मागच्या पायरीवर माणसे घेतलेल्या जीपमध्ये ना विम्याची खात्री, ना आसनक्षमतेचा हिशेब. त्यामुळे येथे नियमित फेरी हाच सुरक्षेचा पहिला उपाय ठरतो, हे उपाययोजनांच्या चर्चेत बरेचदा निसटते. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळातील एसटी कर्मचाऱ्यांच्या संपात राज्याच्या ग्रामीण भागाला याचा दीर्घ अनुभव आला.

शाळकरी मुलींसाठी मानव विकास कार्यक्रमातील निळ्या बसगाड्या महत्त्वाच्या आहेत. शाळेच्या वेळेनुसार धावणाऱ्या या गाड्यांत मुलींना बारावीपर्यंत मोफत प्रवास करता येतो. डिसेंबर २०२२ मध्ये सीमेवरील काही गावांनी गुजरातमध्ये समाविष्ट होण्याची मागणी केली, तेव्हा त्यांच्या तक्रारींत रस्त्यांची दुरवस्था हाही विषय होता.

बसस्थानकांची सुरक्षा

२५ जानेवारी २०१२ रोजी पुण्यातील स्वारगेट आगारातून एका एसटी चालकानेच बस पळवून शहरातील रस्त्यांवर बेदरकारपणे चालवली. यात नऊ जणांचा मृत्यू झाला. उभ्या गाडीचा ताबा कोणीही घेऊ शकतो, हे त्यातून उघड झाले. त्याच स्थानकात २५ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे आवारात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाला. त्यानंतर परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी राज्यातील बसस्थानकांच्या सुरक्षा तपासणीचे आणि आवारात पडून असलेल्या निकामी गाड्या हटवण्याचे आदेश दिले. महिला सुरक्षारक्षक, सीसीटीव्ही कॅमेरे व प्रकाशव्यवस्था हे मुद्देही चर्चेत आले.

हे उपाय प्रामुख्याने मोठ्या स्थानकांना लागू पडतात. फाट्यावर किंवा झाडाखाली बसची वाट पाहणाऱ्या प्रवाशाला दिवा, निवारा आणि शेवटच्या गाडीची खात्रीशीर वेळ यांची गरज असते.

अपघात साहाय्य

१ एप्रिल २०१६ पासून एसटीच्या तिकिटामागे एक रुपया अपघात साहाय्यता निधीसाठी आकारला जातो. बसच्या अपघातात प्रवाशाचा मृत्यू झाल्यास वारसांना १० लाख रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची तरतूद आहे. याशिवाय मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. तिकीट हा प्रवासाचा थेट पुरावा असल्याने दाव्यात त्याचा उपयोग होतो.