मुंबईच्या किनाऱ्याचा चिखल

मुंबईचा किनारा म्हटला म्हणजे चौपाटीची वाळू डोळ्यांपुढें येते. परंतु हें बेट एकजिनसी कधींच नव्हतें. कंपनी सरकारच्या सेवेंतील वैद्य हेन्री जॉन कार्टर यांनीं १८५२ सालीं बेटाच्या भूरचनेचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्या दृष्टीनें किनाऱ्यानें हिंडणारास खडक, वाळू व चिखल असे तीन प्रदेश स्पष्ट दिसतात, आणि प्रत्येकाची वस्तीहि निराळी.

पश्चिमेस मलबार टेकडीपासून वरळीपर्यंत ठिकठिकाणीं काळा फत्तर थेट लाटांत उतरतो. त्याच्या भेगांना कालवें चिकटतात, ओहोटीच्या डबक्यांत खेकडे वावरतात. याच फत्तराखालीं गोड्या पाण्याच्या तळ्याचा गाळ आहे. त्यांत सांपडलेल्या चिमुकल्या बेडकांचें वर्णन रिचर्ड ओवेन यांनीं १८४७ सालीं केलें. खाऱ्या समुद्राच्या काठीं बेडकांचे सांगाडे, ही मौज लहान नव्हे! माहीमकडे वाळू, आणि शंखशिंपल्यांचा चुन्यानें सांधलेला ठिसूळ दगड; तेथें नारळाच्या वाड्या वाढल्या व माडी काढणारे भंडारी स्थिरावले.

उरला पूर्वेचा चिखल. तेथें तिवरें, निवट्या आणि चिंबोऱ्या. कोळ्यांस त्याची किंमत ठाऊक होती. व्यापाऱ्यांच्या लेखीं मात्र ती पडीक जागा. १८५८ सालीं स्थापन झालेल्या एल्फिन्स्टन कंपनीनें तो किनारा भरून काढण्यास आरंभ केला, व पुढें तेथेंच प्रिन्सेस गोदीचें खोदकाम निघालें.

कुदळी खोल गेल्या तेव्हां चिखलाखालीं चक्क अरण्य लागलें. खैराचीं शेंकडों झाडें. कित्येक मुळांसह जागच्या जागीं उभीं. खैर हा कोरड्या जमिनीचा वृक्ष. भरतीच्या पाण्यांत तो उगवत नाहीं. अर्थात् ती भूमि एके काळीं समुद्राच्या वर होती, मग खचली, आणि वर गाळ सांचला. वरच्या थरावरून केलेली विभागणी सोयीची खरी, परंतु ती त्या थराच्या वयापुरतीच खरी. १८८० सालीं गोदी उघडली आणि चिखलाच्या जागीं घडीव दगड आला, वर्गच बदलला. चिखलास पडीक ठरविण्यांत मोठी घाई झाली, असेंच म्हणावें लागतें.

शिवडीस मात्र त्या चिखलाचा एक पट्टा उरला. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून तेथें हिंवाळ्यांत हजारों रोहित पक्षी उतरूं लागले, आणि ओहोटीच्या वेळीं त्याच गाळांत चोंची बुडवून आपलें भक्ष्य गाळूं लागले.