चाकाची चकाकी आणि पुसला जाणारा पुरावा

१/ जुन्या मोटारीची अ‍ॅल्युमिनियमची चाके घरी घासून आरशासारखी लखलखीत करणे, हा अनेकांचा सुट्टीचा छंद. या छंदामागे मोठा इतिहास आहे आणि इतिहासप्रेमींसाठी एक अवघड प्रश्नही. म्हणून हा धागा.

२/ १८५५च्या पॅरिस प्रदर्शनात अ‍ॅल्युमिनियम नवलाची, महागडी वस्तू म्हणून मांडले गेले. १८८४मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर त्याचाच लहानसा कळस चढला. १८८६मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी स्वतंत्रपणे विजेच्या साहाय्याने हा धातू मिळवण्याची पद्धत शोधली. पुढे त्याचे भाव कोसळले.

३/ ऑगस्ट १९२४, फ्रान्समधील ल्यों. ग्रां प्री शर्यतीत बुगाटीची ‘टाइप ३५’ उतरली. तिची चाके ओतीव अ‍ॅल्युमिनियमची, आठ चपट्या आऱ्यांची. ब्रेकचा ड्रम चाकाशीच एकसंध. वजन घटावे आणि ब्रेक लवकर थंड व्हावेत, हा हेतू. त्या दिवशी टायरांनी दगा दिला. चाकांची कल्पना मात्र टिकली.

४/ दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हॅलिब्रँड यांची मॅग्नेशियमची चाके शर्यतींत गाजली. हा धातू आणखी हलका, पण ओल आणि मीठ त्याला लवकर खातात. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी अ‍ॅल्युमिनियमच सोयीचे ठरले. नाव तेवढे मागे राहिले : आपल्याकडेही अशा चाकांना बोलीत ‘मॅग व्हील’ म्हणतात.

५/ उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर क्षणात ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर चढतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. खारट ओलीने तो भेदला की खड्डे व पांढरे डाग पडतात. म्हणून कारखान्यात बहुतेक चाकांवर पारदर्शक लेप देतात. खडा लागून लेप उडाला, की ओल आत शिरते.

६/ घरी काम करताना आधी हा लेप काढावा लागतो. मग पाणी लावून ४०० ते २००० क्रमांकाचे पॉलिश पेपर चढत्या क्रमाने, शेवटी पॉलिश. गंमत अशी की धातूच्या पॉलिशमधले कण अनेकदा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचेच असतात. त्याचे नैसर्गिक रूप म्हणजे कुरुंद. पाश्चात्त्यांचा ‘कोरंडम’ हा शब्दही भारतीय भाषांतूनच गेला.

७/ आता प्रश्न. प्रत्येक घासणीत थोडा धातू जातो. त्याबरोबर ओतकामाच्या साच्याची खरखर, कारागिराच्या कानशीचे ओरखडे, उथळ शिक्केही जातात. बारीक तडा असेल तर घासण्याने तो झाकला जाऊ शकतो. तेव्हा ती तपासणी आधी जाणकाराकडून करून घ्यावी. शिवाय उघडा धातू पुन्हा मंदावतो, पुन्हा घासावा लागतो.

८/ कालपरवाचे, लाखोंनी निघालेले चाक असेल तर खुशाल चमकवा. दुर्मीळ गाडीचे असेल, तर आधी प्रत्येक खूण टिपून छायाचित्रे घ्या आणि निदान स्टेपनीचे चाक न घासता ठेवा. चकाकी पुन्हा आणता येते. मूळ पृष्ठभाग एकदाच मिळतो.

(धागा समाप्त)