नळाच्या पाण्यात फ्लोराइड : कॅल्गरी शहराने ते बंद का केले आणि पुन्हा सुरू का केले?

दात किडू नयेत म्हणून शहराच्या पिण्याच्या पाण्यात ठरावीक प्रमाणात फ्लोराइड मिसळण्याची पद्धत अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा काही देशांत आहे. कॅनडातील तेरा लाखांहून अधिक वस्तीच्या कॅल्गरी शहराने २०११ मध्ये ही पद्धत बंद केली आणि ३० जून २०२५ रोजी पुन्हा सुरू केली. मधल्या चौदा वर्षांत तिथल्या मुलांच्या दातांची तपासणी झाली, मतदानही झाले. त्यामुळे या जुन्या वादाच्या दोन्ही बाजू समजून घ्यायला हे शहर उपयोगी पडते.

फ्लोराइड दातांवर काय परिणाम करते?

तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. या आम्लामुळे दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणातील, म्हणजे एनॅमलमधील, कॅल्शियम आणि फॉस्फेट झिरपून जाते. लाळेमुळे ही झीज काही प्रमाणात भरून निघते. लाळेत थोडे फ्लोराइड असेल तर ही भरपाई वेगाने होते आणि नवा थर आम्लाला अधिक दाद देत नाही. फ्लोराइडचा मुख्य फायदा पोटात जाऊन नव्हे, तर दातांना वारंवार स्पर्श झाल्याने होतो, असे आता मानले जाते.

ही कल्पना आली कुठून?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे दंतवैद्य फ्रेडरिक मॅके यांना अनेकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले. हे दात डागाळलेले असले तरी किडीला सहसा बळी पडत नव्हते. पाण्यातील जादा फ्लोराइड हे डागांचे कारण असल्याचे १९३१ मध्ये स्पष्ट झाले. डाग पडणार नाहीत पण कीड कमी होईल, असे प्रमाण शोधण्याचे काम त्यानंतर सुरू झाले. २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स हे पाण्यात फ्लोराइड मिसळणारे जगातील पहिले शहर ठरले.

कॅल्गरीत काय घडले?

कॅल्गरीला बो आणि एल्बो या नद्यांचे पाणी मिळते. त्यात नैसर्गिक फ्लोराइड असते, पण ते लिटरमागे साधारण ०.१ ते ०.४ मिलिग्रॅम इतकेच. ते ०.७ मिलिग्रॅमपर्यंत नेणे हा मिसळण्याचा हेतू. १९५० ते १९७० च्या दशकांत नागरिकांनी मतदानातून हा प्रस्ताव वारंवार फेटाळला. १९८९ मध्ये तो मंजूर झाला आणि १९९१ पासून फ्लोराइड मिसळले जाऊ लागले.

फेब्रुवारी २०११ मध्ये नगर परिषदेने १० विरुद्ध ३ मतांनी ते थांबवण्याचा निर्णय घेतला. यंत्रणा जुनी झाली होती, ती बदलायला मोठा खर्च होता. शिवाय, सर्वांच्या पाण्यात त्यांना न विचारता काही मिसळावे का, हाही मुद्दा होता. या वेळी जनमत घेतले गेले नाही.

मुलांच्या दातांत फरक पडला का?

त्याच अल्बर्टा प्रांतातील एडमंटन शहरात १९६७ पासून फ्लोराइड चालू होते. त्यामुळे तुलनेची सोय झाली. फ्लोराइड बंद झाल्यानंतर सुमारे सात वर्षांनी संशोधकांनी दोन्ही शहरांतील दुसरीच्या मुलांचे दात तपासले. दुधाचे दात किडलेल्या मुलांचे प्रमाण कॅल्गरीत ६४.८ टक्के, तर एडमंटनमध्ये ५५.१ टक्के आढळले. कायमच्या दातांत मात्र स्पष्ट फरक दिसला नाही. या वयात ते नुकतेच येत असतात, हे इथे ध्यानात घ्यावे लागते.

कॅनडात डॉक्टरांचा उपचार सरकारी विम्यात येतो, पण दंतोपचाराचा खर्च बहुतेकांना दीर्घकाळ स्वतःच्या खिशातून किंवा खासगी विम्यातून करावा लागला आहे. त्यामुळे दात किडण्याचा फटका गरीब घरांतील मुलांना जास्त बसतो. नळाचे पाणी मात्र सर्वांकडे पोहोचते. समर्थकांचा मुख्य युक्तिवाद हाच होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये झालेल्या मतदानात सुमारे ६२ टक्के मतदारांनी फ्लोराइडच्या बाजूने कौल दिला. जलशुद्धीकरण केंद्रांत नवी यंत्रणा बसवेपर्यंत २०२५ साल उजाडले.

आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप संमतीचा : ज्याला नको आहे त्यालाही तेच पाणी प्यावे लागते. दुसरा गरजेचा : फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट सर्वत्र मिळू लागल्यापासून पाण्यातील फ्लोराइडचा अतिरिक्त फायदा पूर्वीपेक्षा कमी झाला आहे, हे अलीकडच्या आढाव्यांतूनही दिसते. तिसरा आरोग्याचा : अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रामने २०२४ मध्ये म्हटले की, लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइडचा संबंध मुलांच्या कमी बुद्ध्यांकाशी दिसतो. ०.७ या पातळीबाबत निष्कर्ष काढण्याइतका पुरावा त्या अहवालाला मिळाला नाही.

महाराष्ट्रात प्रश्न उलटा का?

भारतात नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळले जात नाही. इथे काही भागांत ते आधीच जास्त आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत खडकांतील फ्लोराइड बोअरवेलच्या पाण्यात उतरते. असे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्याने दातांवर डाग पडतात, सांधे आखडतात, हाडे वाकतात. या विकाराला फ्लोरोसिस म्हणतात. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण योग्य आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंतचे चालवून घेण्याजोगे मानले जाते. तुरटी आणि चुना वापरून पाण्यातील फ्लोराइड काढण्याची ‘नालगोंडा पद्धत’ नागपूरच्या नीरी या संस्थेनेच विकसित केली आहे.

म्हणून कॅल्गरीचा निर्णय जसाच्या तसा आपल्याला लागू होत नाही. फ्लोराइड चांगले की वाईट, यापेक्षा आपल्या पाण्यात ते मुळात किती आहे, हा प्रश्न आधी विचारायला हवा. बोअरवेलचे पाणी पिणाऱ्या घरांनी आणि ग्रामपंचायतींनी पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घेतली, तरच त्याचे उत्तर मिळते. पाण्याचा रंग, वास किंवा चव यावरून फ्लोराइड ओळखता येत नाही. पाणी उकळूनही ते जात नाही.